तुमच्या गावाचा ३० वर्षांचा पाऊस स्वतः तपासा : मोबाईल आणि संगणकाची तयारी अशी करा

'हस्ताचा पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही', 'मृग कोरडाच जातो', 'जुलैमध्ये खंड वाढलाय' अशी चर्चा गावोगावच्या पारावर रोज होते. ती कितपत खरी आहे, हे आता अंदाजावर सोडायची गरज नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाची (आयएमडी) १९०१ पासूनची रोजच्या पावसाची आकडेवारी पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहे. अडचण वेगळीच आहे. ही फाइल मोबाईलमध्ये उघडत नाही आणि एक्सेलमध्येही उघडत नाही. ती वाचायला संगणकावर काही साधनांची जोडणी करावी लागते. ही जोडणी एकदा नीट झाली की पुढचं काम सोपं असतं.

बी.एस्सी., डिप्लोमा किंवा संगणकाचा कोर्स केलेला एखादा मुलगा किंवा मुलगी गावात असेल, तर दोन दिवसांत हे काम होतं. ग्रामपंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा कॉलेजचा संगणक चालतो. तोही नसेल तर फक्त मोबाईलवरही सुरुवात करता येते.

आधी समजून घ्या : फाइलमध्ये असतं काय?

आयएमडीने देशाच्या नकाशावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी टाकली आहे. दर पाव अंशाला एक बिंदू. आपल्या भागात पाव अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटर. प्रत्येक बिंदूसाठी रोजचा एक आकडा असतो, त्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस झाला त्याचा. देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी वापरून ही जाळी तयार केली आहे. सगळी केंद्रं सगळ्या वर्षांत चालू नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवायची.

जाळीत १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू आहेत. एका वर्षाची फाइल साधारण २५ एमबीची होते. ३० वर्षांची आकडेवारी पाऊण जीबीच्या आसपास जाते.

याशिवाय आणखी काही स्रोत आहेत :

- महारेन : राज्याच्या कृषी विभागाचं संकेतस्थळ. इथे महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो. मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचा महावेध प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. त्यामुळे आजचा पाऊस बघायला हे उत्तम, पण ३० वर्षांचा इतिहास इथे मिळत नाही.
- इरा-फाइव्ह : युरोपच्या कोपर्निकस सेवेची आकडेवारी, १९४० पासून, दर तासाची. पावसाबरोबर तापमान, वारा, जमिनीतला ओलावाही मिळतो. पण ही थेट मोजलेली नाही, हवामानाच्या संगणकीय प्रारूपातून तयार केलेली आहे.
- चर्प्स : उपग्रह आणि पर्जन्यमापक यांचा मेळ घालून केलेली, १९८१ पासूनची. हिची जाळी बारीक आहे, दर ०.०५ अंशाला, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरला एक बिंदू.

सुरुवात आयएमडीच्या पावसापासूनच करावी. बाकीच्या आकडेवारीचा उपयोग पडताळणीला होतो.

फक्त मोबाईल असेल तर : गूगल कोलॅब

कोलॅब म्हणजे गूगलचा दूरवरचा संगणक, जो ब्राउझरमधून चालवता येतो. जीमेल खातं पुरेसं आहे. पैसे लागत नाहीत.

१. मोबाईलच्या क्रोममध्ये कोलॅब उघडा आणि वरच्या तीन ठिपक्यांतून 'डेस्कटॉप साइट' निवडा. मोबाईल आडवा धरला की लिहायला सोपं जातं.

२. नवीन नोटबुक उघडा. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा तिथे आधीच बसवलेली असते. जाळीची आकडेवारी वाचणारं 'एक्सअॅरे' हे साधनही असतं.

३. आयएमडीच्या फाइल उतरवून वाचणारं 'आयएमडीलिब' हे मोफत साधन मात्र स्वतः बसवावं लागतं. पहिल्या चौकटीत उद्गारचिन्ह, त्यापुढे 'पिप इन्स्टॉल' आणि साधनाचं नाव, हे इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहून चालवायचं.

४. लगेच आपला गूगल ड्राइव्ह जोडून घ्या आणि सगळ्या फाइल तिथेच साठवा.

चौथी पायरी विसरली तर केलेलं काम वाया जातं. काही वेळ हात लावला नाही की कोलॅब बंद पडतं आणि त्याच्या तात्पुरत्या जागेतल्या फाइल पुसल्या जातात. मोफत खात्यावर सलग जास्तीत जास्त १२ तासच मिळतात. 'आयएमडीलिब'सुद्धा दर नव्या बैठकीत पुन्हा बसवावं लागतं.

कोलॅबचा मोठा फायदा म्हणजे पाऊण जीबीच्या फाइल गूगलच्या संगणकावर उतरतात, मोबाईलचा डेटा पॅक त्यात संपत नाही. गावात रेंज कमी असली तरी काम चालतं.

गावात संगणक असेल तर : मिनिफोर्ज

६४-बिटचं विंडोज १० किंवा त्यापुढचं, ८ जीबी रॅम आणि १५ ते २० जीबी मोकळी जागा, एवढं पुरेसं आहे. ४ जीबी रॅमवरही चालेल, पण मग ३० वर्षं एकदम न उघडता पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांनी काम करावं.

पायरी १. फोल्डर आधी ठरवा. सी किंवा डी ड्राइव्हवर इंग्रजी लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता एक छोटं नाव द्या, जसं 'पाऊस' हे इंग्रजी अक्षरांत. देवनागरी नाव किंवा दोन शब्दांमध्ये जागा असेल तर पुढे काही साधनं अडतात. आत तीन फोल्डर करा : 'मूळ', 'तयार' आणि 'निकाल', हेही इंग्रजी अक्षरांतच. उतरवलेली फाइल 'मूळ'मध्ये राहील, तिला कधीच हात लावायचा नाही.

पायरी २. मिनिफोर्ज बसवा. पायथॉन आणि त्याची साधनं सांभाळणारा हा मोफत कारभारी. बसवताना 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय घ्या, म्हणजे कार्यालयाच्या संगणकावर प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही.

पायरी ३. वेगळी खोली तयार करा. याला 'एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. एका कामाची साधनं दुसऱ्या कामात मिसळू नयेत म्हणून ही सोय. एका कणगीत तूर आणि हरभरा एकत्र ओतला की निवडत बसावं लागतं, तसंच इथे होतं. मिनिफोर्ज प्रॉम्प्ट उघडून 'कोंडा क्रिएट' या आज्ञेने नवी खोली करा. त्याच आज्ञेत पायथॉनची आवृत्ती (३.११ चालते) आणि लागणारी साधनं एकदमच लिहा :

- एक्सअॅरे : जाळीची आकडेवारी वाचायला
- नेटसीडीएफ-फोर : हवामानाच्या फाइलचा प्रकार उघडायला
- पांडाज : तारखा आणि तक्ते सांभाळायला
- मॅटप्लॉटलिब : आलेख काढायला
- ज्युपिटरलॅब : ब्राउझरमध्ये बसून काम करायला

साधनं एकेक करून बसवली तर आवृत्त्यांचं भांडण होऊ शकतं. एकदम सांगितली की कारभारी सगळ्यांना जुळणाऱ्या आवृत्त्या शोधतो.

पायरी ४. खोलीत शिरा. 'कोंडा अॅक्टिव्हेट' आणि खोलीचं नाव लिहिलं की ओळीच्या सुरुवातीला कंसात ते नाव दिसतं. तिथे 'बेस' दिसत असेल तर तुम्ही अजून बाहेरच आहात. आत शिरल्यावरच 'पिप'ने आयएमडीलिब बसवा. आधी कोंडा, मग पिप, हा क्रम मोडू नये.

पायरी ५. यादी लिहून ठेवा. 'कोंडा एन्व्ह एक्सपोर्ट' या आज्ञेने सगळ्या साधनांची नावं आणि आवृत्त्या एका छोट्या फाइलमध्ये उतरतात. संगणक फॉरमॅट झाला किंवा शेजारच्या गावाला हेच काम करायचं असेल, तर त्या यादीवरून तशीच खोली पुन्हा उभी राहते. ही फाइल ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर ठेवा.

आकडेवारी उतरवा आणि लगेच तपासा

आयएमडीलिबला 'पाऊस', सुरुवातीचं वर्ष, शेवटचं वर्ष आणि फोल्डर एवढं सांगितलं की तो वर्षवार फाइल उतरवतो. १९९१ ते २०२० ही ३० वर्षं घ्या. चालू वर्षाची आकडेवारी या वर्षवार फाइलमध्ये नसते, ती रोजच्या फाइलमधून वेगळी घ्यावी लागते.

लाईट गेली किंवा नेट तुटलं तर अर्धवट फाइल राहते, आणि ती पूर्ण असल्यासारखीच दिसते. म्हणून प्रत्येक फाइलचा आकार बघा. साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची हवी आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६०. हिशेब सरळ आहे : १७,४१५ बिंदू, प्रत्येकी ४ बाइट, गुणिले ३६५ किंवा ३६६ दिवस. आकार जुळला नाही तर तेवढंच वर्ष पुन्हा उतरवा.

दुसरी तपासणी उणे ९९९ या आकड्याची. समुद्र आणि देशाबाहेरच्या बिंदूंवर पावसाऐवजी हा आकडा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ 'नोंद नाही'. तो आधी काढून टाकला नाही तर जिल्ह्याची किंवा किनाऱ्याजवळच्या भागाची सरासरी उण्यात जाते. तापमानाच्या फाइलमध्ये याच कामासाठी ९९.९ हा आकडा असतो.

आपल्या गावाचा चौकोन शोधा

मोबाईलच्या नकाशावर गावावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. सोलापूर जिल्ह्यातली तीन ठिकाणं उदाहरणाला घेऊ. मंगळवेढा साधारण १७.५२ उत्तर, ७५.४७ पूर्व, त्याचा जवळचा बिंदू १७.५ आणि ७५.५. सांगोला १७.४३ आणि ७५.२०, त्याचा बिंदू १७.५ आणि ७५.२५. पंढरपूर १७.६७ आणि ७५.३३, त्याचा बिंदू १७.७५ आणि ७५.२५. तिन्ही गावं शेजारच्या तालुक्यांची, पण तीन वेगळ्या चौकोनांत.

गाव दोन चौकोनांच्या सीमेवर असेल तर एकच बिंदू धरू नका. आजूबाजूचे चारही बिंदू काढून शेजारी-शेजारी ठेवा.

मग एक साधी परीक्षा घ्या. १४ ऑक्टोबर २०२० ला सोलापूर जिल्ह्यात मोठा पाऊस होऊन पूर आला होता. जिल्ह्यातल्या बिंदूंवर त्या सुमारास पावसाचा मोठा आकडा दिसला पाहिजे. दिसला नाही तर बिंदू, वर्ष किंवा तारीख यांपैकी काहीतरी चुकलंय. दुसऱ्या जिल्ह्यात असाल तर गावातल्या सगळ्यांना आठवणारा एखादा पूर किंवा दुष्काळ घ्या.

तारखेचा घोळ टाळा

आयएमडीचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आणि तो मागच्या २४ तासांचा असतो. म्हणजे १४ तारखेला दुपारी किंवा रात्री पडलेला पाऊस १५ तारखेच्या नावावर लागतो. 'त्या दिवशी पाऊस झालाच नाही असं दाखवतात' अशा अनेक तक्रारींचं मूळ इथे असतं. मंडळाचा आकडा बघतानाही कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचा आहे, हे आधी विचारावं.

इरा-फाइव्ह वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. तिथली वेळ जागतिक प्रमाणवेळेची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे तिथले पहाटेचे तीन. आणि पाऊस मिलिमीटरमध्ये नसून मीटरमध्ये असतो, म्हणून हजाराने गुणावं लागतं. हे विसरून 'पाऊसच नाही' असा निष्कर्ष काढू नये.

फाइलला कोणते प्रश्न विचारायचे?

नुसती वर्षाची सरासरी काढून शेतकऱ्याला फारसा उपयोग नाही. हे चार प्रश्न कामाचे आहेत :

पावसाचे दिवस किती? २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर आयएमडी त्याला पावसाचा दिवस मानते. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे महिन्यावार मोजा.

सर्वात मोठा खंड किती दिवसांचा? सलग किती दिवस २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला, हे दर वर्षासाठी काढा आणि तो खंड कोणत्या तारखांना आला तेही लिहा. २०२३ च्या खरिपात विम्याच्या निमित्ताने '२१ दिवसांचा खंड' हा शब्द घराघरात पोचला. तुमच्या भागात असा खंड ३० पैकी किती वर्षांत आला, हे समजलं तर बियाण्याचं वाण आणि शेततळं यांचा निर्णय सोपा होतो.

उत्तरा आणि हस्ताचा पाऊस किती? मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या पट्ट्यात रब्बी याच पावसावर उभी राहते. साधारण १३ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळातली बेरीज दर वर्षासाठी काढा. इथे महिना-तारीख वापरा, 'वर्षातला अमुकावा दिवस' वापरू नका, नाहीतर लीप वर्षात एक दिवस सरकतो.

६५ मिलिमीटरच्या वर किती दिवस? राज्यात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी धरतात. असे दिवस पूर्वी कधी आणि किती आले, ते बघा.

उत्तर सांगताना सरासरीबरोबर वर्षांची संख्या सांगा. समजा उत्तरा-हस्ताच्या पावसाची सरासरी १५० मिलिमीटर आली. दोन-चार वर्षांच्या पुराने ती फुगलेली असू शकते. '३० पैकी ११ वर्षांत १०० मिलिमीटरही पाऊस नव्हता' असं सांगितलं तर ग्रामसभेत सगळ्यांना धोका कळतो.

नेहमी येणाऱ्या अडचणी

- 'मॉड्यूल नॉट फाउंड' असा संदेश : बहुतेक वेळा खोलीत शिरायचं राहिलेलं असतं. ओळीच्या सुरुवातीचा कंस बघा.
- संगणक अडकतो : सगळी वर्षं, सगळा देश एकदम उघडू नका. आधी आपला बिंदू वेगळा काढून छोटी फाइल करा. ३० वर्षांचा एक बिंदू म्हणजे फक्त १०,९५८ आकडे, ते एक्सेलमध्येही आरामात बसतात.
- कोपर्निकसची फाइल उतरत नाही : खातं काढलं तरी त्या आकडेवारीच्या अटी संकेतस्थळावर एकदा मान्य कराव्या लागतात. खात्याची किल्ली ठेवायची फाइल बिंदूने सुरू होते. विंडोज तिच्या मागे गुपचूप 'टीएक्सटी' जोडतं, ते काढा. ही किल्ली व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.
- काल चाललं, आज चालत नाही : कुणीतरी साधनं अपडेट केली असतील. लिहून ठेवलेल्या यादीवरून खोली नव्याने बांधा.

हे आकडे कुठे चालतील, कुठे नाही?

ही गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. जाळीचा आकडा सुमारे ७०० चौरस किलोमीटरच्या भागाचा असतो. एका शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि पाच कोसांवर ऊन असलं, तर जाळीत तो आकडा पसरून लहान होतो. म्हणून नुकसानभरपाईच्या किंवा विम्याच्या दाव्यात हा पुरावा म्हणून पुढे करू नये. तिथे मंडळाची अधिकृत नोंद आणि पंचनामा चालतो. विम्याचे निकषही बदलत असतात, त्यामुळे चालू हंगामाचा शासन निर्णय वाचावा.

जुन्या आणि नव्या वर्षांची तुलनाही जपून करावी. मधल्या काळात पर्जन्यमापक वाढले किंवा बंद पडले असतील, तर पावसात नसलेला बदल आकड्यांत दिसू शकतो. एका बिंदूवरून 'हवामान बदललं' असं छातीठोक सांगू नये. आजूबाजूच्या बिंदूंवर आणि चर्प्समध्येही तसंच दिसतंय का, ते बघावं.

उपयोग मात्र भरपूर आहेत. पेरणीची तारीख, वाणाची निवड, शेततळ्याचा आकार आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हे सूत्र लक्षात ठेवलं की हिशेब तोंडावर करता येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाऊस मोजून, ताळेबंद मांडून पिकं ठरवायची पद्धत रुजवली, ती याच विचारावर.

याच्या जोडीला गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक हवाच. तो झाडापासून, भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर उघड्यावर बसवा, रोज सकाळी साडेआठला वाचा आणि पाऊस नसला तरी शून्य लिहा. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक असतो. पाच वर्षांची सलग नोंद जमली की जाळीचा आकडा, मंडळाचा आकडा आणि गावाचा आकडा शेजारी मांडता येतो. तिन्हींत सतत मोठी तफावत दिसत असेल, तर मंडळाचं केंद्र योग्य जागी आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात लेखी विचारायला ग्रामपंचायतीच्या हातात ठोस आधार असतो.

थोडक्यात

- मोबाईलवर कोलॅब, संगणकावर मिनिफोर्ज. दोन्ही मोफत.
- प्रत्येक कामाला वेगळी खोली, आणि तिच्या साधनांची यादी जपून.
- फाइल उतरली की आकार तपासा, उणे ९९९ काढा.
- सकाळी साडेआठचा नियम विसरू नका.
- सरासरीपेक्षा '३० पैकी किती वर्षं' हे विचारा.
- दाव्यासाठी मंडळाची नोंद, नियोजनासाठी ३० वर्षांचा इतिहास.